स्प्रिंगवाल्या एअर रायफलला स्वस्तातला स्कोप: ४×३२, ३-९×४० की रेड डॉट?

माझा आतेभाऊ खारघरला राहतो, गेले तीन आठवडे रोज रात्री मला स्कोपच्या, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीच्या, लिंका पाठवतोय. "दादा हा बघ, ६-२४×५०, एवढ्या स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू का?" (× च्या आधीचा आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ६-२४ असं असेल तर पट कमीजास्त करता येते, आणि नंतरचा आकडा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) त्याच्याकडे .१७७ ची (४.५ मिलिमीटर मापाची) ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, नवीनच घेतलीये, आणि बजेट माऊंट (स्कोप रायफलीवर बसवायची पकड) धरून चार-पाच हजार. फोनवर त्याला तुकड्यातुकड्यात सांगून झालं, आता एकदाच नीट लिहितो, म्हणजे ठाणे-नवी मुंबईत अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही कामाला येईल.

स्कोपचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे लोक हंटिंग रायफलवर स्कोप लावतात, हरीण नाहीतर रानडुकरासाठी, शंभर-दीडशे यार्डावरून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि एअरगनने पाखरू टिपणं हीसुद्धा शिकारच, त्यामुळे आपला विषय कागदाचं टार्गेट आणि रिकामे डबे, बस. येऊरला "थोडी प्रॅक्टिस करू" म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो, तो नॅशनल पार्कचा भाग आहे, तिकडे बंदूक घेऊन जाऊ पण नका.

तर त्या व्हिडिओत चांगला ठरलेला स्कोप आपल्या रायफलवर चांगला ठरेलच असं नाही, आणि याचं कारण झटका. बारुदाच्या रायफलीचा झटका मागे येतो, खांद्यात बसतो, आणि साधे स्कोप आतून त्याच दिशेचा मार खायला बनवलेले असतात. स्प्रिंगवाल्या एअर रायफलीत घोडा दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते तेव्हा रायफल आधी मागे येते, आणि पिस्टन शेवटाला दाबलेल्या हवेवर जाऊन थांबतो तेव्हा तीच रायफल पुढे उसळते. म्हणजे एकाच छर्‍याला मागेपुढे दोन झटके, आणि यातला पुढचा झटका स्वस्त स्कोपची वाट लावतो. माझा पहिला स्कोप असाच गेला. बिननावाचा होता, ३-९×४०, डब्यावर गरुडाचं चित्र. मुरबाडला आमच्या शेतावर दोन रविवार मस्त चालला, तिसऱ्या रविवारी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, इतका पसरला की मला वाटलं माझाच हात बिघडलाय, मग डोळा लावून नीट बघितलं तर क्रॉसहेअरची, म्हणजे आतल्या नेमाच्या फुलीची, उभी रेघ घड्याळात एक वाजल्यासारखी तिरकी झालेली, आणि स्कोप हलवला की आत काहीतरी बारीक खुळखुळत होतं. दुकानदार म्हणाला एअरगनवर वॉरंटी नाही. म्हणून घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की हा स्प्रिंग एअरगनसाठी रेटेड आहे का, आणि तसं लिहिलेलं दाखवा. रायफल पीसीपी असेल, म्हणजे टाकीत भरलेल्या हवेवर चालणारी, तर तिला झटका जवळजवळ नसतोच, तिच्यावर कुठलाही स्कोप टिकतो.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्स, आणि याकडे लोक लक्षच देत नाहीत. बारुदाच्या रायफलीचे साधे स्कोप बहुतेक १०० यार्डाला सेट केलेले असतात, म्हणजे साधारण ९१ मीटर. आपण मारतो १० ते २५ मीटरवर. तिथे एक तर टार्गेट धूसर दिसतं, वरून डोळा जरासा इकडेतिकडे झाला की नेम सरकतो. घरीसुद्धा बघता येतं हे. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, वाळूच्या पिशवीवर ठेवा, समोरच्या भिंतीवर एक टिकली चिकटवा, मग रायफलीला अजिबात हात न लावता फक्त डोकं डावीउजवीकडे करा. क्रॉसहेअर टिकलीवरून घसरताना दिसेल. यावर उपाय म्हणजे एओ, पुढच्या काचेभोवतीची फिरणारी रिंग, तिच्यावर अंतर लिहिलेलं असतं, १० यार्डापासून बरेच एओ स्कोप साफ फोकस होतात.

आता भावाच्या यादीतले स्कोप घेऊ. ४×३२ फिक्स्ड सगळ्यात स्वस्त, हलका, आत हलणारे भाग कमी त्यामुळे मार जास्त सोसतो. बत्तीस भागिले चार, म्हणजे डोळ्यात ८ मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल येतो, संध्याकाळी शेतावर अंधारून आलं तरी चित्र उजळ दिसतं आणि डोळा नेमका मध्यावर नसला तरी काळोख होत नाही. कमी काय, तर २५ मीटरवर कागदातलं छर्‍याचं भोक दिसत नाही, दर पाच छर्‍यांनी चालत जाऊन बघावं लागतं. मला त्याचं काही वाटत नाही, नवशिक्याला तर ते चांगलंच.

३-९×४० बिनाएओचा दिसायला भारी आणि सगळ्यात जास्त खपतो तोच, पण आपल्या अंतराला तो चुकीचा आहे, पैसे वाचवायचेत तर त्याच्यापेक्षा ४×३२ घ्या, हे मी ठामपणे सांगतो. ३-९×४० एओ मात्र खरंच कामाचा. ४ वर ठेवून डबे पाडा, ९ वर नेऊन कागदावर ग्रुप बघा. वजन वाढतं, किंमत वाढते, अंतर बदललं की रिंग फिरवायची आठवण ठेवावी लागते, पण पुढची पाच-सात वर्षं दुसरा स्कोप घ्यावासा वाटणार नाही.

रेड डॉट, म्हणजे काचेत नुसता लाल ठिपका दाखवणारी साईट, मुलांना आवडतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून पटापट डबे उडवायला मजा येते, पण ३ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका २० मीटरवर जवळजवळ १७ मिलिमीटर जागा झाकतो, म्हणजे कागदावर बारीक नेम धरायचा तर तो तुमच्या काही कामाचा नाही. ६-२४ नकोच. २४ वर तुमच्या छातीचा ठोकासुद्धा टार्गेटवर नाचताना दिसतो, आणि माणूस थरथर थांबवायच्या नादात घोडा हिसकतो.

आणि घरातल्या पोराला स्पर्धेत उतरवायचं असेल तर स्कोपच घेऊ नका! अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये ज्या १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण मिळवलं त्यात दुर्बीण चालतच नाही, मागे बारीक भोकाची पीप साईट असते. आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य जिंकला, तिथेही तेच. पोराला सुरुवातीपासून त्याच साईटची सवय लावा.

बजेटमधून माऊंटला पैसे बाजूला काढा, त्यात कंजुषी नको. बऱ्याच एअर रायफलींना ११ मिलिमीटरची डवटेल खाच असते, चुकून पिकाटिनीचा, म्हणजे दुसऱ्या रुंद पट्टीचा, माऊंट मागवला तर बसणार नाही. दोन सुट्ट्या रिंगांपेक्षा एकसंध माऊंट घ्या ज्याला खालून स्टॉप पिन असते, नाहीतर झटक्याने सगळा स्कोप खाचेत मागे सरकत जातो. माझा तसा सरकलेला, खाचेवर चमकदार ओरखडा अजून आहे. रायफलीवर पिनसाठी भोक आहे का तेवढं आधी बघून घ्या.

झिरो करताना, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी आणताना, टार्गेटच्या मागे मातीचा बांध नाहीतर जुन्या कपड्यांनी गच्च भरलेलं खोकं हवं, आणि त्याच्या मागे कोणी नाही याची खात्री. अंतर पावलांनी नको, टेपने मोजा, २० मीटर. स्कोपच्या नॉबचा पाव एमओएचा एक क्लिक तिथे साधारण दीड मिलिमीटर सरकवतो, त्यामुळे छर्रे ३ सेंटिमीटर खाली पडत असतील तर वीस क्लिक वर. प्रत्येक वेळी पाच छर्‍यांचा ग्रुप बघूनच क्लिक फिरवा, एका छर्‍यावर नाही. स्प्रिंग रायफल घट्ट आवळून धरायची नाही, तळहातावर नुसती टेकू द्यायची, तिला दरवेळी सारखीच उसळू द्यायची, ग्रुप आपोआप बारीक होतो. ब्रेक-बॅरलची नळी कधीकधी जराशी खाली झुकलेली असते, वरचे क्लिक संपले तरी छर्रे खालीच, तेव्हा स्कोपला दोष देऊ नका, मागून उंच असलेला माऊंट मिळतो तो लावा.

आणि पाऊस. ठाण्यात जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे काचेची काय गत. नायट्रोजन भरलेला, सीलबंद स्कोप घ्या म्हणजे आतून वाफ धरत नाही, आणि जून ते सप्टेंबर तो रायफलीसकट फोमच्या केसमध्ये कोंडून ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. मी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. भावाला शेवटी एअरगन-रेटेड ३-९×४० एओ आणि एकसंध माऊंट सांगितलाय, आणि बजेटमध्ये दोन्ही बसत नसतील तर ४×३२ आणि तोच माऊंट. येत्या रविवारी येतोय तो मुरबाडला, टेप मी नेतोय, छर्रे त्याने आणायचेत.