हाताने ढकलायचा रील मोवर: गवताच्या एका पूर्ण वर्षाच्या वापरानंतर

हिरवळ लहान आहे, जमीन बऱ्यापैकी सपाट आहे आणि वाढीच्या दिवसांत दर चार-पाच दिवसांनी गवत कापायची तयारी आहे, तर रील मोवर, म्हणजे फिरत्या पात्यांच्या नळकांड्याने (रीलने) गवत कापणारं हाताने ढकलायचं यंत्र, जरूर घ्या. यातली एक जरी अट पाळता येणार नसेल तर घेऊ नका. हे यंत्र माफ करत नाही. एक आठवडा चुकला की ढकलताना लगेच कळतं, दोन आठवडे चुकले की ते गवत कापायचं सोडून आडवं पाडायला लागतं.

वापरातलं यंत्र पाच वळणदार पात्यांचं, ३८ सेंमी रुंदीचं, मागे रूळ असलेलं, कापणीची उंची १५ ते ४५ मिमी. गवत बारीक पानाचं, हरळीच्या जातीचं. रुंद, जाड पानाची लॉनची गवतं ६० मिमीच्या वर ठेवावी लागतात. बहुतेक रील मोवर तिथपर्यंत उचलता येत नाहीत, त्यामुळे तसं गवत असेल तर विचार इथेच थांबवावा.

आधी चांगलं सांगतो. आडव्या पात्याचा मोटरवाला मोवर गवताला हवेतच फटका मारतो. पात्याची धार गेली असेल तर पानाचं टोक चिरडतं आणि दोन-तीन दिवसांत सगळ्या हिरवळीवर पांढुरकी-तपकिरी झाक येते. रील मोवरमध्ये फिरतं पातं पानाला खालच्या स्थिर पात्यावर दाबतं आणि कात्रीसारखं कापतं. टोक सरळ राहतं. पावसाळ्यात हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. कडक उन्हात मात्र स्पष्ट दिसतो, कारण चिरडलेल्या टोकातून पाणी जास्त उडून जातं आणि गवत आधीच ताणलेलं असतं.

पण ही कात्री चालते ती रील आणि खालचं पातं यांच्यातल्या फटीवर, आणि नव्या यंत्रात ती बरोबर लावून आलेली असेलच असं नाही. पहिल्या कापणीआधीच तपासावी. जाड हातमोजे घाला, मोवर उलटा करा, वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी खालच्या पात्यावर उभी धरा आणि रील हळूच हाताने फिरवा. डावं टोक, मध्य, उजवं टोक या तिन्ही जागी पाचही पात्यांनी कागद स्वच्छ कापला पाहिजे. कागद मुडपून आत गेला तर फट जास्त आहे. रील फिरवताना जोर लागतोय, सतत खरखर येतेय, तर फट कमी आहे. असा आवळलेला मोवर कापतो चांगला, पण ढकलायला जड जातो आणि धार भराभर खातो. पाती एकमेकांना जेमतेम टेकल्यासारखी वाटावीत, घासू नयेत.

आमच्या यंत्रात दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू आहेत. एक सैल करायचा आणि समोरचा आवळायचा, एका वेळी आट्याच्या आठव्या भागाइतकाच. दर वेळी दोन्ही टोकांना पुन्हा कागद लावून बघायचं, कारण एक टोक हललं की दुसरंही थोडं सरकतं. कागद कुठे कापला जात नाही यावरून दोष सापडतो. एकाच टोकाला पाचही पाती कापत नसतील तर स्क्रूचा प्रश्न आहे. मधल्या एकाच जागी पाचही पाती कापत नसतील तर खालच्या स्थिर पात्याला तिथे खड्डा पडलाय. एकच पातं एकाच जागी चुकत असेल तर त्या पात्याची कड दगडाने वळलीय. वळलेली कड चपट्या बारीक कानशीने सपाट करून घ्यावी, त्यासाठी धार लावायची गरज नसते.

दगड आणि काटक्या हा या यंत्राचा खरा शत्रू. पेन्सिलीएवढी काटकी रील जागच्या जागी थांबवते. कापण्याआधी एक फेरी मारून सगळं वेचून घेणं हा कामाचाच भाग समजावा.

उंचीचे आकडे यंत्रावर लिहिलेले असतात, त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. मोवर सपाट फरशीवर ठेवून खालच्या पात्याच्या वरच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. मऊ जमिनीत चाकं आणि रूळ रुतले की प्रत्यक्ष कापणी त्याहूनही खाली होते. या गवताला ३० मिमी चांगली मानवते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा नियम धरला, तर ३० ठेवायला गवत ४५ मिमी झालं की मोवर बाहेर काढायचा. जोमाच्या वाढीत ही वेळ तीन-चार दिवसांत येते, थंडीत दोन-तीन आठवड्यांनीही येत नाही. म्हणून वार ठरवून कापण्यापेक्षा पट्टी लावून कापावं.

सगळ्यात खालच्या खाचेवर, म्हणजे १५ मिमीवर, हिरवळीवर आडव्या लाटा उमटतात. ढकलायचा वेग वाढवून त्या जात नाहीत, कारण रील चाकांनाच जोडलेलं आहे. तुम्ही जितके भरभर चालाल तितकंच ते भरभर फिरेल, पण दोन कापांमधलं अंतर तेच राहील. पाच पात्यांच्या रीलमध्ये हे अंतर इतक्या कमी उंचीसाठी जास्त पडतं. उंची वाढवा किंवा दुसरी फेरी तिरकी मारा. सात पात्यांचं रील कमी उंचीला सरस ठरतं, पण थोडं वाढलेलं गवत त्यात लवकर अडकतं. घरच्या हिरवळीला पाचच बरी. तीच दिशा दर वेळी धरली तरी गवत एका बाजूला कलतं आणि पट्टे बसतात, तेव्हा प्रत्येक कापणीला दिशा बदलावी. शेजारच्या पट्ट्यावर चार-पाच सेंमी चढवून चालावं.

पावसाळ्यात मोवरची खरी परीक्षा होते. ओल्या गवतावर चाकं घसरतात, चाक घसरलं की रील थांबतं आणि तेवढा पट्टा न कापता राहतो. संततधार लागून गवत आठ-दहा सेंमी झालं असेल तर उघडीप मिळताच, एक तृतीयांशाचा नियम मोडला तरी, उंची ४५ वर नेऊन एक फेरी, दोन-तीन दिवसांनी आडवी फेरी ३५ वर, मग नेहमीच्या उंचीवर यावं. त्याहून वाढलेलं गवत आधी विळ्याने किंवा मोठ्या कात्रीने उतरवावं. तुऱ्यांचे ताठ दांडे रीलखाली झुकतात आणि मोवर पुढे गेला की पुन्हा उभे राहतात. ते या यंत्राने नीट कापले जात नाहीत, हातानेच काढावे लागतात. लव्हाळ्याचं पान मोवर कापतो, पण दोन दिवसांत तो गवताच्या वर डोकं काढतो. जमिनीतल्या गाठींना मोवरचं काहीच वाटत नाही. तो ओल असताना गाठीसकट उपटावा लागतो.

कापलेले बारीक तुकडे तिथेच पडू द्यावेत. वर्षभरात गवताला लागणाऱ्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा त्यातून परत जमिनीत जातो. गवतातला वाळका थर त्यांच्यामुळे वाढतो हा समज चुकीचा आहे. तो थर मुख्यतः मुळं आणि आडव्या धावणाऱ्या खोडांचा असतो. फक्त ओले गोळे पडले असतील तर खराट्याने पसरवावेत, नाहीतर खालचं गवत पिवळं पडतं.

खत आणि मोवर यांचा संबंध फार कमी जण लक्षात घेतात. चौरस मीटरला ११ ग्रॅम युरिया म्हणजे साधारण ५ ग्रॅम नत्र. एवढं एकदम टाकलं तर आठवड्याभरात वाढ इतकी चढते की हातमोवर मागे पडतो. त्याच्या निम्मं, साडेपाच ग्रॅम, दोनदा, मध्ये तीन-चार आठवडे सोडून टाकावं. ठरलेल्या मापाचे दोन भाग करून एक उभा, एक आडवा फेकावा, पान कोरडं असताना, आणि लगेच पाणी द्यावं. पानावर राहिलेला दाणा पान जाळतो. पाण्याचा विचारही मोवरसकट करावा. उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिमी, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, दोन वेळांत विभागून पहाटे द्यावं आणि कापणी पाणी देण्याच्या आधी उरकावी.

वाळू मिसळलेलं खतमातीचं आवरण टाकायचं असेल तर तीन ते पाच मिमीपेक्षा जाड नको. झाडूने ते गवतात मुरवावं, दोन-तीन पाणी द्यावीत आणि पहिली कापणी नेहमीपेक्षा दहा मिमी उंच ठेवून करावी. पृष्ठभागावर राहिलेली वाळू एका फेरीत धार घालवते. जिथे मोवर टेंगळावरून जाताना माती दाखवतो, तिथे उंची वाढवणं हा उपाय तात्पुरता आहे. शेजारचे खोलगट भाग एका वेळी दहा मिमी असे भरत जावे.

यंत्राच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त त्रास देतो तो चाकातला खटका. एक चाक फिरतं पण रील ओढत नाही, मोवर एका बाजूला खेचतो, अशी तक्रार आली की चाक काढा. आत लहान दातेरी चाक आणि त्याखाली सरकता खटका असतो. त्यात गवताचा चुरा आणि घट्ट झालेलं ग्रीस साचतं. रॉकेलने धुऊन हलकं तेल लावावं, जाड ग्रीस ठासू नये. काढण्याआधी खटक्याच्या बाजूचा फोटो घ्या. तो उलटा बसला की पुढे ढकलताना रील फिरतच नाही. डावे-उजवे भाग एकमेकांत मिसळू नयेत.

धार वर्षाअखेरीस लावली तरी पुरते. एका बाजूचं चाक आणि दातेरी चाक काढून दांड्याला हँडल बसवावं, पात्यांना व्हॉल्व्ह घासायची जाडसर पेस्ट लावावी आणि रील उलट्या दिशेने फिरवावं. खरखर मऊ झाली की थांबावं, पेस्ट पूर्ण धुवावी, कारण बेअरिंगमध्ये गेलेली पेस्ट बेअरिंग खाते. मग फट पुन्हा लावावी, पात्यांवर तेल पुसावं.

शेवटची अडचण कडांची. चाकं रीलच्या बाहेर असल्यामुळे भिंतीलगत सहा-आठ सेंमीचा पट्टा सुटतोच. तिथे एकेरी विटा आडव्या पुरून त्यांची वरची बाजू मातीच्या पातळीला आणली की चाक विटेवरून जातं आणि रील शेवटच्या पानापर्यंत पोचतं.