जावाचं टिकलर, खोपटचं गॅरेज
बाबांची 1968ची जावा मोटारसायकल सकाळी 20-25 किका मारूनही चालू व्हायची नाही. आधीचा मेकॅनिक म्हणाला, नवा कार्ब्युरेटरच (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग) घ्या. ठाण्यातल्या खोपटच्या या गॅरेजातल्या काकांनी आधी कार्ब्युरेटरवरचं टिकलरचं बटण दाबून पाहिलं. पिन गंजून अडकली होती! ही पिन फ्लोट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) खाली दाबते, पेट्रोल भरून वाहायला लागतं आणि थंड इंजिनाला दाट, म्हणजे जास्त पेट्रोलचं मिश्रण मिळतं. काकांनी पिन रॉकेलमध्ये भिजवली, पॉलिश पेपरने हळूहळू घासली, स्प्रिंग बदलली. 250 रुपये घेतले. आता बोट ओलं होईपर्यंत बटण दाबते, दुसऱ्या किकला गाडी चालू. शनिवारी मात्र जाऊ नका, 2 तास थांबावं लागलं.