चाकणमधला बचत गटाचा डबा: बाळाचा विचार करत असाल तर नवऱ्याला लावा

चाकण एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांसाठी आमच्या भागातल्या बचत गटाच्या ताई डबा देतात. पावसाळ्यापासून नवऱ्याला तोच चालू आहे आणि माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आम्ही बाळाचा विचार करतोय म्हणून डबा लावला. दवाखान्यात गेलो तर फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मला, वजन माझं, हिमोग्लोबिन माझं, काय खाता हा प्रश्नपण मलाच. नवरा शेजारीच बसला होता, त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. घरी सासूबाईंचंही तेच, खजूर तू खा, दूध तू पी. अहो पण शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज पुरुष काय खातोय, पितोय, तंबाखू मळतोय का, याचा हिशोब अडीच-तीन महिन्यांनी लागतो. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला एक अभ्यास आला होता, त्यात तरुण धडधाकट पुरुषांना १२ आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खायला दिले, तर शुक्राणूंची हालचाल आणि आकार दोन्ही सुधारले. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये नर उंदरांना तेलकट-चरबीचं खाणं दिलं तर त्यांच्या पोटच्या माद्यांमध्ये इन्सुलिनचा बिघाड दिसला. उंदराचं जसंच्या तसं माणसाला लागू होत नाही, मान्य, पण बापाचं खाणं विचारायचंच नाही हे कुठलं शास्त्र?

आणि नुसतं "नीट खा रे" सांगून काही होत नाही. नवरा छोट्या व्हेंडर कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, तिथे कॅन्टीन नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातली कॅन्टीनची सक्तीसुद्धा २५० च्या वर कामगार असतील तिथेच होती, मग छोट्या कंपनीतल्या पोरांनी काय करायचं? अर्ध्या तासाची सुट्टी, गेटबाहेर वडापाव, समोसा, क्रीमरोल आणि परत परत तापवलेलं तेल, शिफ्ट सुटल्यावर ओव्हरटाइम. त्याच्या लाइनवरची बरीच पोरं मराठवाडा-विदर्भातून आलेली, एका खोलीत पाच-सहा जण, गॅस नाही, आणि घरी कोणी कधी पोळी लाटायला शिकवलेलं नाही. लोक म्हणतात यांना चटकमटकच आवडतं, पण त्या वेळेला, तेवढ्या पैशात दुसरं मिळतं काय?

आता डब्याबद्दल. ज्वारीची भाकरी किंवा पोळ्या, मोड आलेल्या मटकीची नाहीतर चवळीची उसळ, रोज एक पालेभाजी, कोशिंबीर, ताकाची छोटी बाटली. भाकरी थेट डब्यात कोंबत नाहीत, सुती फडक्यात गुंडाळून देतात त्यामुळे दुपारपर्यंत पाणी सुटत नाही आणि कडाही कडक होत नाहीत. शेपू बघून तोंड वाकडं करणारा माझा नवरा आता शेपू संपवून येतो कारण मुगाची डाळ घालून लसणाची फोडणी एकदम मस्त जमलेली असते. सगळ्यात भारी म्हणजे जवसाची चटणी, रोज छोट्या डबीत वेगळी. ७५ ग्रॅम अक्रोड रोज आम्हाला परवडायचे नाहीत, पण अक्रोडातलं ओमेगा ३ जवसातही भरपूर असतं आणि जवस तर आपल्याकडचंच.

पैसे आठवड्याला दिले तरी चालतात, एकदम अ‍ॅडव्हान्स मागत नाहीत. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा पगार पुढेमागे होतो हे या ताईंना माहीत आहे, म्हणून पैसे चार दिवस उशिरा गेले तरी डबा थांबत नाही. माझ्या मते ही सोय चवीपेक्षा मोठी आहे, कारण पगार अडकला की पोरं सगळ्यात आधी जेवणातच काटकसर करतात.

अर्धा स्टार दोन गोष्टींसाठी कापला. रविवारच्या उसळीवर तर्री फार असते, तेवढं तेल नको. आणि थर्ड शिफ्टला डबाच नाही, रात्री तर गेटबाहेर वडापाव सोडून काहीच नसतं, गरज तेव्हाच जास्त. ताईंशी बोललेय, त्या म्हणाल्या दहा-बारा जण असतील तर रात्री आठला भरून देऊ. त्या भागात थर्ड शिफ्टला जाणारं कोणी असेल तर इथे खाली लिहा, नवऱ्याच्या लाइनवरची काही पोरं तयार आहेत.