जुनी गेम मालिका: विकत घ्यावी की परवान्यावर?

छोटा स्टुडिओ चालवणारी एक मैत्रीण या पेचात आहे.

सुरुवातीच्या खर्चात परवाना बरा. बेथेस्डा या गेम कंपनीनेही 'फॉलआउट' ही गेम मालिका २००४ मध्ये इंटरप्ले या कंपनीकडून परवान्यावरच घेतली. २००७ मध्ये ५७.५ लाख डॉलर मोजून मालकी मिळवली.

खरा फरक हक्कांचा. लॅरियन या स्टुडिओने परवान्यावर केलेला 'बाल्डर्स गेट ३' हा गेम २०२३ मध्ये तुफान चालला, पण नाव मूळ मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टचंच राहिलं. एवढी मेहनत करून नाव दुसऱ्याचं, हे मला खटकतं. 'फॉलआउट'वर २०२४ मध्ये टीव्ही मालिका आली, तेव्हा हक्क बेथेस्डाकडे होते.

मालकीतही करार नीट वाचाच: 'फॉलआउट'च्या ऑनलाइन गेमचा हक्क इंटरप्लेकडे ठेवल्याने कोर्टबाजी झाली, ती २०१२ मध्ये मिटली.

एकच गेम करून स्वतःच्या कल्पनेकडे वळायचं असेल तर परवाना घ्यावा. त्याच जगात वर्षानुवर्षं राहायचं असेल तर मालकी.