खरजेवरचे पाच टक्के परमेथ्रिन मलम: आमच्या घरचा अनुभव

लातूरच्या वसतिगृहात राहून नीटची तयारी करणारी आमची मुलगी दिवाळीला अंबाजोगाईस आली, तेव्हा तिच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर बारीक पुटकुळ्या होत्या व अंथरुणाला पाठ टेकली की खाज इतकी वाढे की तिचा डोळ्याला डोळा लागत नसे. एका औषध दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिलेल्या स्टिरॉइडमिश्रित ट्यूबने चार दिवस बरे वाटले आणि मग पुरळ पोटापर्यंत पसरले. त्वचारोगतज्ज्ञांनी बेचक्यातली केसासारखी वाकडी रेघ भिंगाखाली दाखवली. खरजेच्या किड्याची मादी कातडी पोखरत, अंडी घालत गेल्याची ती खूण होती. त्यांनी हे मलम लिहून दिले.

गंधकाच्या मलमाचा दर्प ज्यांना आठवतो, त्यांना याचे कौतुक वाटेल, कारण याला वास जवळजवळ नाही. तक्रार आहे ती ट्यूबच्या आकाराबद्दल आणि आतल्या बारीक इंग्रजी अक्षरांच्या कागदाबद्दल. गळ्यापासून तळव्यांपर्यंत, बेंबीत आणि नखांखालीही लावायचे म्हटले की ३० ग्रॅमची ट्यूब मोठ्या माणसाला एकाच वेळी संपते. ते ८ ते १४ तास अंगावर ठेवायचे, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे आणि आठवड्याने हेच सगळे परत करायचे असते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुरू व्हायलाच दोन ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून खाज नसली तरी घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावावे लागते. "मला काय धाड भरलीय?" म्हणणाऱ्या आमच्या आईला हे पटवण्यातच अर्धी रात्र गेली.

नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात साऱ्या गोधड्या गरम पाण्यात धुणे अशक्यच होते. अंगावरचे कपडे आणि चादरी तेवढ्या धुतल्या. गोधड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर माळ्यावर टाकल्या, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

दुसऱ्या वेळेनंतरही मुलीची खाज जवळपास तीन आठवडे रेंगाळली. किडे मेल्यावरही असे होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले नसते, तर मी आणखी दोन ट्यूब आणल्या असत्या. तिला परत पाठवण्यापूर्वी खोलीतल्या तिन्ही मुलींच्या घरी फोन केले. त्यांतल्या दोघींचे अंग महिनाभर खाजत होते.