पॅकर: टेम्प्लेट लिहायला सोपं, पण बूट कमांडने घाम फोडला

दोनेक वर्षं पॅकर वापरतोय, आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, सर्व्हरची इमेज (ओएस आणि सगळी पॅकेजेस असलेली डिस्कची तयार प्रत) हाताने बनवायची म्हणजे मशीन चालू करा, पॅकेजेस टाका, चार सेटिंग बदला, स्नॅपशॉट घ्या, आणि तीन महिन्यांनी कोणी विचारलं की यात नक्की काय काय टाकलंय, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघणार. पॅकर हेच काम एका टेक्स्ट फाइलवरून करतो. २०१३ पासूनचं टूल आहे, हाशीकॉर्प कंपनीच्या मिचेल हाशिमोतोने सुरू केलेलं, एकच बायनरी डाउनलोड करायची, लागतील ते प्लगइन पॅकर इनिट कमांडने घ्यायचे, बस्स.

टेम्प्लेट, म्हणजे हीच टेक्स्ट फाइल, वाचायला खरंच सोपं आहे. सोर्स ब्लॉकमध्ये कुठे आणि कशावरून बनवायचं, बिल्ड ब्लॉकमध्ये आत काय करायचं, त्यात प्रोव्हिजनर म्हणजे तुमच्या शेल स्क्रिप्ट नाहीतर सर्व्हरवर सेटिंग लावणारं टूल अ‍ॅन्सिबल, आणि शेवटी पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे इमेज बनल्यावर करायची कामं. एकाच बिल्डला दोन-तीन सोर्स जोडले तर क्लाउडची इमेज आणि आपल्याच मशीनवरच्या क्यूईएमयूची (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) इमेज एकदमच बनतात, स्क्रिप्ट त्याच. मला या एकाच गोष्टीसाठी हे टूल आवडलं, कारण आधी दोन्हीकडे वेगवेगळ्या स्क्रिप्ट होत्या आणि त्या कधी जुळायच्याच नाहीत.

टेम्प्लेट दोन फॉरमॅटमध्ये लिहिता येतं, जुनं जेसन आणि हाशीकॉर्पचं स्वतःचं एचसीएल. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी जेसनच्या वाटेला जाऊ नका. नेटवर अजून निम्मी उदाहरणं जेसनमधली सापडतात, ती बघून मीही तसंच लिहिलं आणि मग कॉमेंट टाकता येत नाही म्हणून चरफडत बसलो. १.७ व्हर्जनपासून, म्हणजे २०२१ पासून, एचसीएलमध्येच लिहा असं पॅकरवाले स्वतः सांगतात, आणि जुनं टेम्प्लेट बदलून द्यायला अपग्रेडची कमांडही आहे. फक्त एक गंमत आहे, एचसीएलमध्ये व्हेरिएबल डॉलर आणि महिरपी कंसात लिहायचे, पण बूट कमांडमध्ये (मशीन सुरू होताना पॅकर टाइप करतो त्या ओळी) पॅकरच्या, इन्स्टॉलरला फाइल पुरवणाऱ्या छोट्या वेब सर्व्हरचा पत्ता हवा असेल तर तो जुन्या पद्धतीने डबल महिरपी कंसात. एकाच ओळीत दोन भाषा! सवय होते, पण पहिल्यांदा बघणारा गोंधळणारच.

आता बूट कमांड. क्लाउडवर तयार बेस इमेज घेऊन काम करणाऱ्यांना याच्याशी घेणंदेणं नाही, ते सुखी लोक. पण आयएसओपासून, म्हणजे ओएसच्या इन्स्टॉल डिस्कच्या फाइलपासून, इमेज बनवायची असेल तर पॅकर काय करतो, तर व्हर्च्युअल मशीनच्या स्क्रीनला जोडून घेतो आणि तुम्ही लिहिलेली अक्षरं एकेक करून टाइप करतो, अगदी माणसासारखी. मेन्यू यायच्या आत टाइप केलं तर वाया, मेन्यू निघून गेल्यावर टाइप केलं तर तेही वाया. सुरुवातीला डिफॉल्ट १० सेकंद थांबतो, मधे मधे वेट टाकायचे, आणि ते किती टाकायचे हे शेवटी अंदाजपंचेच.

माझं काय झालं सांगतो. उबुंटू सर्व्हरचं ऑटोइन्स्टॉल (प्रश्न न विचारता होणारं इन्स्टॉलेशन) करत होतो, ग्रबमध्ये (बूटचा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम) नोक्लाउड, म्हणजे इन्स्टॉलरने उत्तरं कुठून घ्यायची ते, लिहून पुढे सेमीकोलन आणि मग पत्ता द्यायचा असतो. मी कोट न लावता लिहिलं. पॅकर व्हॅलिडेट म्हणाला कॉन्फिगरेशन बरोबर आहे, बिल्ड सुरू झाला, आणि मग ती ओळ, एसएसएच (मशीनमध्ये दुरून लॉगिन करायची सोय) उपलब्ध व्हायची वाट बघतोय. वाट बघतोय, बघतोय, आणि टाइमआउट. मी टाइमआउट वाढवला, कारण डिफॉल्ट ५ मिनिटांत पूर्ण ओएस इन्स्टॉल होणं तसंही अवघडच. तरी तेच! शेवटी हेडलेस (स्क्रीनची खिडकी न दाखवता चालवणं) बंद करून खिडकी उघडी ठेवली तर काय, इन्स्टॉलर आपला शांतपणे भाषा कोणती निवडायची हे विचारत बसलेला. ग्रबला सेमीकोलन दिसलं की त्याच्या मते कमांड तिथेच संपली, पुढचा पत्ता इन्स्टॉलरपर्यंत पोचलाच नव्हता. दोन अवतरणचिन्हांसाठी अख्खी दुपार गेली. तर पहिले चार-पाच बिल्ड तरी हेडलेस करू नका, डोळ्यांनी बघा.

व्हॅलिडेटवर फार विसंबू नका, तो फाइलची मांडणी आणि ऑप्शन तपासतो, तुमची स्क्रिप्ट आत गेल्यावर काय गोंधळ घालणार ते त्याला कुठून कळणार. खरा उपयोगाचा ऑप्शन म्हणजे ऑन-एरर आस्क. एरवी बिल्ड फसला की पॅकर मशीन पाडून मोकळा होतो आणि तुमच्या हातात फक्त लॉग उरतो, हा ऑप्शन दिला की तो थांबून विचारतो, साफ करू, तसंच सोडू का पुन्हा प्रयत्न करू. तेवढ्या वेळात एसएसएच करून आत जाऊन बघता येतं. ब्रेकपॉइंट नावाचा प्रोव्हिजनरपण आहे, एंटर दाबेपर्यंत बिल्ड तिथेच अडवून ठेवतो, तो मला फार उशिरा सापडला.

क्लाउडवाल्यांसाठी एक, पहिल्या प्रोव्हिजनरमध्ये क्लाउड-इनिट (मशीन पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणारा प्रोग्राम) संपेपर्यंत थांबायची ओळ टाकाच. नाहीतर एपीटी (पॅकेजेस टाकणारी कमांड) आधीच अडकलेली असते, तिचा लॉक मिळत नाही म्हणून बिल्ड कधी चालतो कधी पडतो, आणि कधीकधी पडणारा बिल्ड हा रोज पडणाऱ्या बिल्डपेक्षा वाईट. बेस इमेज शोधताना सगळ्यात नवीन दे असं लिहिता येतं, सोय चांगली आहे पण मग कालची आणि आजची इमेज वेगळी निघू शकते, म्हणून आम्ही मॅनिफेस्ट नावाचा, बिल्डची नोंद फाइलमध्ये ठेवणारा पोस्ट-प्रोसेसर लावून कुठल्या बेसवरून बनली तेही त्यात नोंदवून ठेवतो. ॲमेझॉनवर शोधताना ओनर, म्हणजे इमेज कोणाच्या अकाउंटची ते, द्यावाच लागतो, त्यावर वैतागू नका, सारख्या नावाची पब्लिक इमेज कोणीही टाकून ठेवू शकतो.

इमेजमध्ये काय टाकायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही हे जास्त महत्त्वाचं, आणि ते पॅकर तुम्हाला सांगणार नाही. मी मशीन-आयडीची (प्रत्येक मशीनची वेगळी ओळख) फाइल रिकामी करायला विसरलो होतो, एकाच इमेजवरून दोन मशीन उभी केली आणि दोघांना डीएचसीपीकडून (नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणारी सेवा) एकच आयपी! एका मशीनवर लॉगिन करतोय आणि कधी हे उघडतंय कधी ते, भुताटकी झाल्यासारखं. आता शेवटची स्क्रिप्ट ठरलेली आहे, मशीन-आयडी रिकामी, एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) उडवा, क्लाउड-इनिट क्लीन, बिल्डसाठी बनवलेला युजर काढा. पासवर्डचे व्हेरिएबल सेन्सिटिव्ह केले तर पॅकरच्या आउटपुटमध्ये दिसत नाहीत, पण तुमच्याच स्क्रिप्टने तो डिस्कवर लिहून ठेवला असेल तर तो इमेजमध्ये गेलाच समजा.

लायसन्सचं पण सांगायला हवं. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशीकॉर्पने एमपीएल हे ओपन-सोर्स लायसन्स सोडून बिझनेस सोर्स लायसन्स घेतलं. स्वतःच्या इमेज बनवणाऱ्यांना फरक पडत नाही, पण त्यांच्याशी स्पर्धा करणारं प्रॉडक्ट याच्यावर विकायचं डोक्यात असेल तर आधी वाचून घ्या.

एखादीच इमेज वर्षातून एकदा बनवायची असेल तर यात पडू नका, हाताने करा आणि पायऱ्या कुठेतरी लिहून ठेवा. दर महिन्याला पॅचेस टाकून नवीन इमेज लागत असेल तर मात्र डोळे झाकून पॅकर वापरा. पाचपैकी चार स्टार, एक बूट कमांडसाठी कापला. परवाच नवीन आयएसओ आला, ग्रबचा मेन्यू जरा उशिरा येतोय, आणि मी परत खिडकी उघडून सेकंद मोजत बसलोय.