बोलिंजर बँड की एटीआर? इंट्राडेसाठी निवड करताना

इंट्राडे म्हणजे एकाच दिवसात सुरू करून संपवायचे सौदे करणाऱ्याला बाजाराची अस्थिरता मोजण्याचे एक तरी साधन हाताशी ठेवावेच लागते, कारण स्टॉपलॉस (तोटा थांबवण्यासाठी सौद्यातून बाहेर पडायचा भाव) किती अंतरावर लावायचा आणि शेअर किती घ्यायचे हे दोन्ही प्रश्न अखेर आज भाव किती हलतो आहे याच एका प्रश्नावर येऊन थांबतात. त्यासाठी बहुतेकांची निवड बोलिंजर बँड (सरासरी भावाच्या वर-खाली आखलेला पट्टा) आणि एटीआर (ॲव्हरेज ट्रू रेंज, म्हणजे भावाच्या हालचालीचा सरासरी पल्ला) या दोहोंपैकी एकावर येते. मी दोन्ही वापरली आहेत. बँड सुमारे तीन वर्षे वापरले, आधी फोर्टमधल्या एका सब-ब्रोकरच्या कार्यालयात बसून आणि नंतर मुलुंडच्या घरून. एटीआर त्यानंतर आजतागायत वापरतो आहे. बँडसाठी वीस कॅन्डलची (कॅन्डल म्हणजे चार्टवर ठरावीक मिनिटांतला भाव दाखवणारी एक काडी) सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलने (भाव सरासरीभोवती किती विखुरला आहे त्याचे माप), किंवा एटीआरसाठी चौदा कॅन्डलचा सरासरी पल्ला, ही सूत्रे वाचकाला माहीत आहेत असे धरून चालतो. भावाचा जोर मोजणारा आरएसआयही बाजूला ठेवतो, कारण तो या दोन्हींबरोबर सारखाच चालतो.

बँडचे गुण आधी सांगितले पाहिजेत, आणि ते थोडे नाहीत. जॉन बोलिंजर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे साधन विकसित केले आणि ते इतकी वर्षे टिकले, कारण ते पाहताक्षणी समजते. भाव सरासरीपासून किती दूर गेला आहे हे एका नजरेत दिसते; पट्टा आवळला की हालचाल मंदावली आणि रुंदावला की वाढली, हे आकडा न वाचताही कळते. साडेअकरानंतर बाजार सुस्तावलेला असताना एखाद्या खासगी बँकेचा शेअर खालच्या बँडला टेकून पुन्हा मधल्या सरासरीपर्यंत येतो, तेव्हा ती ये-जा बँडवर स्पष्ट दिसते आणि एटीआर मात्र त्याविषयी काहीही सांगू शकत नाही. एटीआरला दिशा कळत नाही, भाव स्वस्त की महाग हेही कळत नाही. एका कॅन्डलमध्ये भाव साधारण किती सरकतो, एवढेच तो सांगतो. भाव बँडला लागणे हा स्वतःहून संकेत नव्हे, हे खुद्द बोलिंजर सांगत आले आहेत. तरीही वरच्या बँडला भाव टेकताच विक्रीला धावणारे आपल्याकडे पुष्कळ दिसतात. त्याचा दोष साधनाकडे जात नाही.

माझी अडचण वेगळी होती, आणि ती सकाळी १०.५५ वाजता येत असे.

आपला बाजार सव्वानऊला उघडतो, पण बँडचा हिशेब सव्वानऊला नव्याने सुरू होत नाही. पाच मिनिटांच्या चार्टवर वीस कॅन्डल म्हणजे शंभर मिनिटे, आणि त्यामुळे १०.५५ ला संपणारी कॅन्डल पूर्ण होईपर्यंत कालच्या दुपारचे भाव त्या हिशेबात मिसळलेले राहतात. बाजार कालच्याच पातळीला उघडला तर त्याने काही बिघडत नाही. गॅप पडली, म्हणजे बाजार कालच्या बंद भावापासून दूर उघडला, की बिघडते. समजा, निफ्टी काल शेवटची शंभर मिनिटे एकाच भावावर होता, आज १५० अंश वर उघडला आणि त्यानंतर जागचा हललाच नाही. ९.४० ला हिशेबात आजच्या पाच आणि कालच्या पंधरा कॅन्डल असतात, आणि खालचा बँड चालू भावाच्या सुमारे २४० अंश खाली जाऊन बसतो, म्हणजे काल भाव जिथे होता त्याच्याही ९० अंश खाली. १०.०५ ला दहा आणि दहा अशी विभागणी होते आणि दोन बँडमधले अंतर ३०० अंश भरते. बाजार जागचा हललेला नाही आणि साधन मात्र प्रचंड अस्थिरता दाखवते आहे. १०.५० ला कालची एकच कॅन्डल उरते, तरीही सरासरीच्या प्रत्येक बाजूला सुमारे ६५ अंशांची जागा शिल्लक असते. १०.५५ ला ती शेवटची कॅन्डल गळते आणि ते ६५ अंश एका फटक्यात नाहीसे होतात.

प्रत्यक्षात भाव हलत असतो, त्यामुळे बँड शून्यावर येत नाहीत. पण ते एकाएकी आवळतात आणि त्या क्षणी बाजारात त्याला साजेसे काहीही घडलेले नसते. मी नेमका आवळलेल्या बँडमधून भाव बाहेर पडला की त्या दिशेने शिरण्याचा सौदा करत असे. पट्टा आवळला, भाव वरच्या बँडबाहेर गेला, मी खरेदी केली आणि दहा मिनिटांत भाव परत आत आला, असे वारंवार झाले. पुष्कळ दिवस मी दोष माझ्या घाईला दिला आणि खरेदीआधी आणखी एक कॅन्डल थांबू लागलो, तरी फरक पडला नाही. शेवटी एका शनिवारी सौद्यांची वही घेऊन बसलो, तेव्हा फसलेल्या सौद्यांच्या वेळा अकराच्या आसपास दाटीने आलेल्या दिसल्या, आणि त्यातल्या बहुतेकांपुढे ‘गॅप’ असे मीच लिहून ठेवलेले होते. त्यानंतर वर दिलेला हिशेब कागदावर मांडला. पंधरा मिनिटांच्या चार्टवर गेलो तर सुटका होईल असे वाटले होते, पण तिथे वीस कॅन्डल म्हणजे पाच तास. कालचे भाव सव्वादोनपर्यंत हिशेबात राहतात आणि बाजार साडेतीनला बंद होतो. ३ जून २०२४ च्या सोमवारी, मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजांनंतर, निफ्टी जवळपास ८०० अंश वर उघडला आणि दुसऱ्या दिवशी, मतमोजणीच्या दिवशी, जवळपास ६ टक्के पडून बंद झाला. असे दिवस क्वचित येतात हे खरे, परंतु स्टॉपलॉसची खरी गरज अशाच दिवशी असते, आणि त्या दोन्ही सकाळी बँडचा मला काही उपयोग झाला नाही.

एटीआर गॅप मोजत नाही असे नाही. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये तो मांडला तेव्हाच आदल्या बंद भावापासूनचे अंतर पल्ल्यात धरले होते. पण ती गॅप फक्त पहिल्या कॅन्डलमध्ये येते आणि सरासरीत तिचा वाटा एक चौदांश असतो. वरच्याच उदाहरणात कालचा एटीआर २० अंश आणि आजच्या पहिल्या कॅन्डलचा पल्ला गॅपसह १७० अंश धरला, तर नवा एटीआर सुमारे ३१ होतो. पुढच्या कॅन्डल पुन्हा वीस-वीस अंशांच्या आल्या तर तो हळूहळू उतरत १०.५५ च्या सुमारास २३ च्या आत येतो. सकाळी जरा जास्त आणि नंतर थोडा कमी, हे बाजाराच्या स्वभावाशीही जुळते. एक गोष्ट मात्र आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जरूर तपासावी. काही ठिकाणी एटीआरसाठी साधी सरासरी निवडता येते. ती निवडलेली असेल तर गॅपची कॅन्डल १०.३० ला हिशेबातून एकदम बाहेर पडते आणि बँडचाच दोष इकडे येतो. वाइल्डर यांची मूळ पद्धत ठेवावी. भावाचा कल दाखवणारे सुपरट्रेंड हे साधन वापरणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल, कारण सुपरट्रेंड एटीआरवरच उभा आहे.

एटीआरचाही मला एक त्रास आहे. लंडनचा बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला उघडतो. त्याआधीचा तासभर इथला बाजार शांत असतो, एटीआर खाली येतो, स्टॉपलॉस जवळ येतो, आणि मग युरोप उघडताच दोन कॅन्डलमध्ये तो उडतो व भाव पुन्हा मूळ दिशेला लागतो. यावर माझा तोडगा असा आहे की साडेअकराचा एटीआर मी कागदावर लिहून ठेवतो आणि दुपारचा एटीआर त्याहून कमी झाला तरी स्टॉपलॉस लिहिलेल्या आकड्यावरूनच मोजतो. हा तोडगा शास्त्रशुद्ध आहे असा माझा दावा नाही, पण मला तो पुरला आहे.

किती शेअर घ्यायचे हे ठरवताना एटीआरची बाजू माझ्या मते स्पष्टपणे जड होते, कारण तो थेट रुपयांत बोलतो. एका सौद्यात २,००० रुपयांपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत असे ठरवले आणि शेअरचा एटीआर ४ रुपये असला, तर दोन एटीआरचा म्हणजे ८ रुपयांचा स्टॉपलॉस आणि २५० शेअर. एटीआर ८ रुपये झाला तर १२५ शेअर. खालच्या बँडवर स्टॉपलॉस ठेवणाऱ्यालाही असा भागाकार करता येतो, पण गॅपच्या सकाळी तो बँड कुठेतरी खोल गेलेला असल्याने संख्या इतकी लहान येते की सौद्याला अर्थ उरत नाही, आणि मग माणूस नियम मोडून संख्या वाढवतो. मीही वाढवली आहे. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षात रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर १० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ७ तोट्यात होते. त्या पार्श्वभूमीवर संख्येचा प्रश्न मला प्रवेशाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

इंडिया व्हिक्सविषयी नेहमी विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय शेअर बाजाराने २००८ मध्ये सुरू केलेला हा निर्देशांक निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून पुढच्या ३० दिवसांची अपेक्षित अस्थिरता वार्षिक टक्क्यांत सांगतो. त्याला १६ ने भागले की एका दिवसाचा ढोबळ अंदाज मिळतो, कारण वर्षातल्या सुमारे २५२ कामकाजाच्या दिवसांचे वर्गमूळ १६ च्या जवळ येते. दिवसाचा अंदाज घ्यायला तो चांगला आहे, मात्र एखाद्या शेअरच्या पाच मिनिटांच्या स्टॉपलॉसशी त्याचा संबंध नाही.

बँड कोणी निवडावेत, याचे उत्तर वर बहुधा आलेच आहे. सकाळच्या लोकलने कार्यालयात जाऊन साडेअकरानंतरच चार्ट उघडणाऱ्याला १०.५५ ची अडचण येतच नाही, आणि दुपारच्या अरुंद पट्ट्यात त्याला बँड कदाचित एटीआरपेक्षा उपयोगी पडतील. चार-आठ दिवस सौदा ठेवणाऱ्यालाही दैनिक चार्टवर ते आवडतील. मी स्वतः रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचे शेअर निवडताना आजही तेच लावतो. बँडच हवे असतील आणि सकाळीही काम करायचे असेल, तर रोज सव्वानऊला नव्याने सुरू होणारे व्हीवॅपचे (उलाढालीनुसार काढलेल्या सरासरी भावाचे) बँड पाहावेत. त्यांना उलाढालीचे आकडे लागतात, म्हणून निफ्टीसाठी ते फ्युचरच्या (वायद्याच्या) चार्टवर लावावे लागतात. सव्वानऊपासून पडद्यासमोर बसणाऱ्याने मात्र, निदान माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर, एटीआरपासून सुरुवात करावी.

तरीही निर्णय माझ्या शब्दावर घेऊ नये. पुढच्या वेळी निफ्टी शंभर-दीडशे अंशांच्या गॅपने उघडला की पाच मिनिटांच्या एकाच चार्टवर दोन्ही साधने लावावीत, त्या दिवशी सौदा करू नये, आणि १०.५० व १०.५५ या दोन वेळांना बँडमधले अंतर आणि एटीआर, असे चार आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.